घोडी घरी आणल्यानंतर: रोजची देखभाल, किरकोळ दुखणी आणि डॉक्टरांना बोलावण्याची वेळ

गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून पाच वर्षांची मारवाडी घोडी घेऊन तुम्ही ती इंदापूर तालुक्यातल्या आपल्या शेतावर आणली आहे. तिला उसाचे वाढे (शेंड्याकडची हिरवी पाने), गव्हाचा भुसा (कोंडा) आणि भिजवलेले हरभरे चालू आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून मागच्या खुरांना घाण वास येतो, तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पोटाखालच्या पट्ट्याखाली, जखम झाली आहे, आणि मध्यंतरी एका रात्री पोट दुखू लागले तेव्हा शेजारच्या जाणत्या माणसांनी ओवा घातलेले तेल पाजल्यावर ती बरी झाली. विकणाऱ्याने ती गाभण असेल असे मोघम सांगितले होते. यांपैकी घरी काय करावे आणि डॉक्टरांना केव्हा बोलवावे, हा तुमचा प्रश्न आहे. पशुवैद्य म्हणून अनेक वर्षे शेतावरची, वरातीतली आणि रपेटीची घोडी तपासत आलो आहे, त्या अनुभवावरून क्रमाने उत्तर देतो.

औषधाच्या आधी एक गोष्ट पक्की करा. तुमची घोडी निरोगी असताना कशी असते, हे तुम्हाला आकड्यांत ठाऊक असले पाहिजे. प्रौढ घोड्याचे तापमान विश्रांतीच्या वेळी साधारण ९९ ते १०१ अंश फॅरेनहाइट, नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास मिनिटाला ८ ते १६ असतात. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला, जिथे धमनी हाडावरून वळते तिथे दोन बोटांनी हलके दाबले की लागते. पहिल्या दिवशी ती सापडणार नाही, आठवड्याभरात सापडू लागेल. तापमान गुदद्वारातून घ्यायचे असते. थर्मामीटरला दोरा बांधून त्याचे दुसरे टोक शेपटीच्या केसांना चिमट्याने अडकवावे, नाहीतर तो आत ओढला जातो. वरचा ओठ उचलून हिरडी पाहा. ती फिकट गुलाबी आणि ओलसर असावी, आणि अंगठ्याने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावा. सलग काही दिवस सकाळी हे सारे वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना फोनवर नुसते ‘घोडी मलूल आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘नाडी चोपन्न आहे, एरवी छत्तीस असते’ असे सांगितले, तर त्यांना निर्णय घ्यायला खरी मदत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे खरारा, म्हणजे ब्रशाने अंग घासून साफ करणे. अनेक घरांत खरारा म्हणजे घोडे चकचकीत दिसावे म्हणून करायचे काम समजले जाते आणि पाहुणे येणार असले की उरकले जाते. माझ्या मते रोजचा खरारा हीच रोजची तपासणी आहे, आणि ती मालकाने किंवा कायमच्या एकाच माणसाने करावी. ज्याचा हात रोज तिच्या अंगावरून फिरतो त्यालाच कालपर्यंत नसलेली गाठ, एखाद्या पायातली ऊब, तंगाच्या जागी हात लागताच आक्रसलेली कातडी लगेच कळते. मानेपासून सुरुवात करून पाठ, बरगड्या, पोटाखालचा भाग, मांड्यांच्या आतली बाजू आणि चारही पाय, असा क्रम ठेवा आणि तो बदलू नका. मारवाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, त्यांच्या घडीत गोचीड लपतात, तिथेही पाहा. शेवटी चारही खूर उचला. या सगळ्याला अर्धा तास पुरतो, आणि मी सांगणार असलेल्या बहुतेक तक्रारी याच अर्ध्या तासात लवकर सापडतात.

आता चाऱ्याबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण तुम्ही विचारलेल्या तक्रारींपैकी निदान एकीचे मूळ तिथे असण्याची शक्यता आहे. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरांचे असते, आणि घोड्याला ओकता येत नाही. त्याची पचनसंस्था दिवसातले पंधरा-सोळा तास थोडे थोडे गवत खाण्यासाठी घडलेली आहे. गाय-म्हशीला सकाळ-संध्याकाळ भरपूर वैरण टाकून निश्चिंत व्हावे, ही सवय गोठ्यात चालते, पागेत चालत नाही. घोडीचे वजन टेपने काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३२३ किलो येते. अशा घोडीला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे अंदाजे ५ ते साडेसहा किलो कोरडी वैरण पोटात जायला हवी. हिरव्या लसूणघासात पाणीच फार असल्यामुळे पाच किलो घास म्हणजे जेमतेम एक किलो कोरडा चारा, हा हिशेब विसरू नका. चांगले वाळलेले गवत हा पाया ठेवा, त्याला थोडा लसूणघास जोडा, आणि हे दिवसातून निदान चार वेळा विभागून द्या, ज्यातला मोठा वाटा रात्रीचा असावा.

तुमच्या भागात वाढे फुकटात मिळतात, म्हणून ते घोड्यापुढे पडतात. उसाच्या वाढ्यांत आणि हत्तीगवतात ऑक्झॅलेट भरपूर असते आणि ते चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. त्यात गव्हाच्या भुशाची भर पडली की गणित आणखी बिघडते, कारण भुशात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस कितीतरी पट जास्त असतो. घोड्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असावे. हे प्रमाण महिनोन्‌महिने उलटे राहिले तर शरीर हाडांतले कॅल्शियम काढून रक्तात आणते. घोडे आज एका पायाने, उद्या दुसऱ्या पायाने लंगडते, खाताना अडखळते, आणि पुढे चेहऱ्याची हाडे डोळ्यांच्या खाली दोन्ही बाजूंनी फुगतात. त्या अवस्थेला पोहोचलेला चेहरा पूर्ववत होईलच असे सांगता येत नाही. तुमची घोडी आठ महिने याच चाऱ्यावर आहे, म्हणून चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंवरून तळवे फिरवून पाहा आणि डॉक्टर येतील तेव्हा हा चारा त्यांना आवर्जून सांगा. वाढे पूर्ण बंद करता येत नसतील तर ते एकूण चाऱ्याच्या अगदी थोड्या भागावर आणा, भुसा रोजचा न ठेवता क्वचित ओला करून द्या, आणि लसूणघास वाढवा, कारण त्यात कॅल्शियम चांगले असते. घोड्यांसाठीचे खनिज मिश्रण किती द्यावे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

हरभरा वाईट नाही, पण नुसत्या हरभऱ्याची चंदी (दाण्याचा खुराक) मला पसंत नाही. तुमच्या घोडीला हलकी रपेट आहे. तिला ओट किंवा भरडलेला सातू आणि थोडे भिजवलेले हरभरे मिळून दिवसाला एक ते दीड किलो पुरे, तेही दोन-तीन वेळांत. चाऱ्यात कोणताही बदल आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करत न्यावा. जुने, कोंदट वासाचे किंवा बुरशी आलेले मक्याचे दाणे घोड्याला कधीही देऊ नका, कारण मक्यावरच्या एका बुरशीचे विष घोड्याच्या मेंदूचा घात करते आणि त्यावर इलाज नाही. तितक्याच गांभीर्याने सांगतो की कोंबड्यांचे किंवा गुरांचे तयार खाद्य घोडीच्या तोंडी लागू देऊ नका. त्यांपैकी काहींत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. कोंबडीला आणि गाईला ते चालते, घोड्याच्या हृदयाला मात्र त्याची अगदी थोडी मात्राही घातक ठरते. शेतात जनावरांचे आणि घोडीचे खाद्य एकाच खोलीत असेल तर आजच वेगळे करा. कुंपणाला कण्हेर किंवा एरंड असेल तर तिकडे तिला बांधू नका.

पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागते, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहून पुष्कळ जास्त. ते सतत समोर असावे. रपेटीवरून आलेल्या तापलेल्या घोड्याला पाणी देऊ नये, ही समजूत सोडून द्या. त्याला थांबून थांबून पाणी पिऊ द्यावे आणि अंगावर गार पाणी ओतून ते हाताने निपटून पुन्हा ओतावे, याने अपाय होत नाही. मीठ रोज साधारण ३० ग्रॅम चंदीत घाला किंवा मिठाचा खडा टांगून ठेवा.

वैरण जमिनीवर टाकत असाल तर एक सोपी परीक्षा करा. लिदीचे ताजे पाच-सहा गोळे पारदर्शक पिशवीत घालून त्यात पाणी भरा, गोळे चुरा, आणि पिशवी एका कोपऱ्यावर टांगून पंधरा मिनिटे हलवू नका. कोपऱ्यात वाळू किंवा मुरमाचे कण बसले तर तितकी माती तिच्या पोटात जात आहे, आणि मोठ्या आतड्यात साठलेली ही वाळू पोटदुखीचे मोठे कारण ठरते. उपाय औषधाच्या आधीचा आहे: चारा रबरी पाटीत किंवा गव्हाणीत द्यायचा आणि मोकळ्या मातीवर चंदी सांडू द्यायची नाही.

आता खुरांकडे येऊ. तुम्ही सांगितलेला घाण वास आणि खुराच्या तळाशी साचलेला काळा चिकट स्राव हे खुराच्या तळाच्या मधोमध असलेल्या त्रिकोणी मऊ भागाच्या सडण्याचे लक्षण आहे. तो भाग रोज ओल्या लिदीत आणि मुतात उभा राहिला की हवा न लागता वाढणारे जंतू त्याच्या खाचांत शिरतात. खूर उचलून, खुरातली घाण काढायचा आकडा टाचेकडून टोकाकडे नेत, दोन्ही बाजूंच्या खाचा आणि मधली खाच तळापर्यंत साफ करा. मधली खाच इतकी खोल गेली असेल की आकड्याचे टोक आत जाताच घोडी पाय ओढून घेते, तर आजार वरवरचा राहिलेला नाही आणि नालबंद किंवा डॉक्टरांनी सैल, मेलेला भाग कापून काढणे गरजेचे आहे. तसे नसेल तर खूर कोरडा पुसा, कापसाच्या बारीक वातीला पोव्हिडोन आयोडिन लावून ती खाचेत दाबून बसवा आणि रोज बदला. पुसल्याशिवाय औषध लावण्यात अर्थ नाही. या उपायाने आठ-दहा दिवसांत वास जायला हवा. पण उभे राहायला कोरडी जागा मिळाली नाही तर कोणतेही औषध टिकणार नाही. पावसाळ्यात पागेची जमीन मुरमाची, एका बाजूला उतार असलेली ठेवा, दिवसातून दोनदा लीद उचला, आणि भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा अंथरा. पागेत वाकल्यावर तुमच्या डोळ्यांना मुताचा झणका लागत असेल तर तिच्या फुप्फुसांनाही तो लागतो.

खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. नाल मारलेली घोडी दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाकडे न्यावी, नाल नसेल तरी सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासून घ्यावेत. नाल अजून घट्ट आहे म्हणून तीन महिने तशीच ठेवणारे मालक मी पाहतो. नाल घट्ट असते, पण तिच्याभोवतीचा खूर पुढे वाढून सगळा भार टाचांवर आणि पायाच्या मागच्या कंडरांवर पडत असतो.

एखाद्या सकाळी घोडी अचानक पाय टेकवेनाशी झाली तर हाड मोडल्याच्या भीतीने घाबरून जाण्याआधी खूर पाहा. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटे ठेवली की खुराकडे जाणाऱ्या धमनीचा ठोका लागतो. एरवी तो जेमतेम जाणवतो. त्या एका पायात तो जोरात उडत असेल आणि खूर गरम असेल तर बहुतेक वेळा खुरात पू झालेला असतो. त्याला वाट करून देणे हे जाणकाराचे काम आहे, पण तोवर सोसवेल इतक्या कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून जाड रबरी पिशवीत खूर वीस मिनिटे बुडवून ठेवता येतो. तळव्यात खिळा रुतलेला दिसला आणि डॉक्टर लवकर येऊ शकत असतील, तर तो उपटू नका. खिळा किती आत आणि कोणत्या दिशेने गेला आहे हे एक्स-रेवर पाहायला मिळाले तर पुढचे सारे उपचार नेमके होतात. चालताना तो आणखी आत जाण्याचा धोका असेल तरच काढा, आणि काढण्याआधी फोटो घेऊन जागेवर खूण करा.

कोणतीही जखम, विशेषतः खुराची, म्हणजे धनुर्वाताचा धोका. पाळीव जनावरांत घोडा धनुर्वाताला सर्वांत जास्त बळी पडतो आणि त्याचे जंतू लिदीत व मातीत असतातच. सुरुवातीला चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि मग ठरावीक मुदतीने पुढची मात्रा, असे लसीकरण तिचे झाले आहे का, हे विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता नव्याने सुरू करून घ्या. रेबीजची लसही वर्षाला द्यावी.

तंगाखालच्या जखमेसाठी पहिला उपाय म्हणजे खोगीर बंद. जखम भरून तिच्यावर केस येईपर्यंत तंग चढवायचा नाही. रोज लगामाऐवजी म्होरकीवर हातात धरून फिरवा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साधारण ९ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे मीठ घालून त्याने जखम धुवा, मऊ कापडाने टिपा आणि पातळ चहाच्या रंगाइतके पोव्हिडोन आयोडिन लावा. राख, रॉकेल, जळके ऑइल, चुना यांपैकी काही लावू नका, कारण त्यांनी जिवंत पेशी जळतात आणि जखम रुंदावते. नंतर कारण शोधा. रपेटीवरून आल्यावर खोगीर उतरताच घामाची नक्षी पाहा: सगळीकडे ओले आणि मध्येच हाताच्या पंजाएवढी कोरडी जागा असेल तर तिथे खोगिराचा दाब इतका पडतो की घामच सुटत नाही. मानेच्या शेवटी जिथे पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर किंवा पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर पूर्वीच्या मालकाच्या खोगिराने तिथे इजा केलेली आहे. खोगिराखालचा नमदा घामाच्या मिठाने कडक होतो, तो धुऊन उन्हात वाळवा. वरातीची पितळी जडावाची खोगिरे तर पाठीच्या मापाला क्वचितच बसतात.

इतर जखमांबाबत एक भेद लक्षात ठेवा. मांसल भागावरचे वरवरचे खरचटणे घरी सांभाळता येते. सांध्यावरची किंवा सांध्याजवळची जखम मात्र कितीही बारीक दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहिलीच पाहिजे. तिच्यातून तेलकट पिवळसर पाणी येत असेल तर सांधा उघडला आहे असे समजा, आणि अशा वेळी काही तासांचा उशीरही घोड्याला कायमचे लंगडे करतो. गुडघ्याखालच्या जखमांवर मांस फाजील वाढून भाजीच्या फुलवरासारखे बाहेर येते. त्यावर मोरचूद चोपडू नका, ते कापून व बांधून आटोक्यात आणावे लागते.

पावसाळ्यात पाठीवर बारीक खपल्या येऊन त्यांच्याबरोबर केसांचे झुपके निघू लागले तर तो ओल्या कातडीवर वाढणाऱ्या जंतूंचा विकार असतो. घोडी कोरडी ठेवणे हा त्याचा निम्मा उपचार. खपल्या सौम्य जंतुनाशक पाण्याने मऊ करून अलगद काढाव्यात, अंग पूर्ण वाळवावे, आणि तिचा खरारा दुसऱ्या घोड्याला वापरू नये. आयाळीच्या आणि शेपटीच्या मुळाशी सतत अंग घासणे हे बहुधा चिलटांच्या चाव्याचे असते. संध्याकाळी आणि पहाटे तिला आत ठेवा आणि शक्य असेल तर पंखा लावा.

मोठ्या डांसांकडे, म्हणजे रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्यांकडे, मात्र निव्वळ त्रास म्हणून पाहू नका. ते सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार पसरवतात, आणि जवळच्या म्हशींत तो लक्षणांशिवाय राहू शकतो. घोडी नीट खाते पण खंगत चालली आहे, ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर बोटाने दाबल्यास खड्डा पडणारी सूज येते, हिरड्या फिकट दिसतात, अशा स्थितीत शक्तीची औषधे देत बसू नका. ताप असतानाच रक्त तपासून घ्या. वेळेत निदान झाले तर त्यावर खात्रीची औषधे आहेत.

पोटदुखीबद्दल तुम्ही विचारले आहे, आणि तेल पाजल्यामुळे ती बरी झाली असे तुम्ही मानता आहात. माझे मत वेगळे आहे. वाताच्या साध्या कळा बऱ्याचदा तासा-दोन तासांत आपोआप ओसरतात आणि श्रेय शेवटी दिलेल्या वस्तूला मिळते. तेल मात्र खरोखर धोक्याचे आहे. डोके वर धरून बाटलीने पाजलेले तेल घोड्याच्या श्वासनलिकेत सहज उतरते, आणि तेलाने झालेला फुप्फुसदाह पोटदुखीपेक्षा वाईट असतो. तेल द्यायचेच असेल तर ते डॉक्टर नाकातून जठरात घातलेल्या नळीने देतात. त्याच नळीने जठरात तुंबलेले पाणी आणि वायू बाहेर काढता येतो, जे घोड्याला स्वतः ओकून काढता येत नाही.

घोडी वळून वळून कुशीकडे पाहू लागली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, बसते-उठते आहे, वरचा ओठ वर वळवते आहे, किंवा लीद टाकलेली नाही, असे दिसले की समोरचा चारा काढून घ्या. नाडी मोजा, हिरड्या पाहा, आणि दोन्ही कुशींना कान लावून ऐका. निरोगी घोड्याच्या पोटात सतत गुरगुर ऐकू येते, पूर्ण शांतता ही वाईट खूण आहे. मग डॉक्टरांना फोन करा. ती स्वस्थ उभी असेल तर उभी राहू द्या. लोळू पाहत असेल तर मऊ जमिनीवर दहा-पंधरा मिनिटे हळूहळू चालवा. रात्रभर पळवत ठेवून तिची उरलीसुरली शक्ती संपवू नका. नाडी ६० च्या वर जाणे, हिरड्या विटकरी किंवा जांभळट होणे, थंड घाम सुटणे, यांपैकी एकही दिसले तर तासाभराची वाट पाहण्यासारखी स्थिती नाही. डॉक्टर येण्याआधी वेदनाशामक इंजेक्शन कोणाकडूनही देऊ नका. त्याने दुखणे झाकते आणि आतडे पिळवटले असेल तर ते कळायला उशीर होतो. शिवाय मानेच्या शिरेशेजारीच धमनी असते, अननुभवी हाताने तिच्यात औषध गेले तर घोडे जागच्या जागी कोसळते.

घोडी दावे सोडवून दाण्याच्या पोत्यापर्यंत गेली, किंवा एखाद्या समारंभात लोकांनी तिला लाडू, गूळ आणि भिजवलेली डाळ हौसेने भरवली, तर लक्षणांची वाट न पाहता फोन करा. जास्त पिष्टाने मोठ्या आतड्यात आम्ल वाढते आणि एक-दोन दिवसांत खुरांच्या आतला नाजूक थर सुजतो. दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून, भार मागे घेऊन उभी राहिलेली, पाऊल उचलायला नाखूश घोडी दिसली तर चारही खूर बर्फाच्या पाण्यात ठेवून तिला मऊ जमिनीवर उभी करा आणि चालवू नका. वरातीसाठी घोड्यांना डांबरी रस्त्यावर तासन्‌तास नाचवण्याच्या मी विरोधात आहे, आणि त्याचे एक कारण हेच आहे की त्या पायांना दगदग आणि गोडधोड दोन्ही एकाच संध्याकाळी सोसावे लागते.

डोळ्यांच्या बाबतीत घरगुती उपचाराला जागाच नाही. डोळा अर्धवट मिटलेला, पाणी गळणारा, किंवा बुबुळावर निळसर छटा असलेला दिसला तर त्याच दिवशी दाखवा. घरातले उरलेले थेंब घालू नका. त्यांत स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर ओरखडा असेल तर डोळा गमावण्याची वेळ येते.

घरच्या पेटीत थर्मामीटर, स्टेथोस्कोप, टॉर्च, खुराचा आकडा, मीठ, पोव्हिडोन आयोडिन, मॅग्नेशियम सल्फेट, भरपूर कापूस, जाळीदार पट्ट्या आणि बोथट टोकाची कात्री असावी. इंजेक्शने त्यात नसावीत. तुमच्या गावाला घोड्यांचा अनुभव असलेले डॉक्टर जवळ नसतील तर पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा क्रमांक लिहून ठेवा, आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत घोडी नेण्यासाठी वाहन कोणाचे मिळेल हे आधीच ठरवून ठेवा. घोडीला गाडीत चढण्याची सवय निरोगी असतानाच लावा. पोटदुखीत तळमळणारी घोडी पहिल्यांदाच फळीवर पाय ठेवायला शिकत नाही.

जंताचे औषध दर तीन महिन्यांनी आपले द्यायचे म्हणून देऊ नका. लिदीतली जंतांची अंडी मोजून घ्या आणि वजनाप्रमाणे मात्रा द्या, कारण कमी मात्रेने जंत औषधाला दाद देईनासे होतात. दातही वर्षातून एकदा पाहून घ्या. गवताचे अर्धवट चावलेले गोळे गव्हाणीखाली सापडले तर दाढांच्या कडा टोकदार होऊन गालाला लागत आहेत.

यापुढे यात्रेतून दुसरे घोडे आणाल तर त्याला दोन-तीन आठवडे या घोडीपासून लांब बांधा, त्याची बादली वेगळी ठेवा, आणि ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्या. हा आजार माणसालाही होतो, आणि बाधित घोड्याला कायद्यानुसार दयामरण द्यावे लागते. नाकातून चिकट पिवळा स्राव आणि कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर उघड्या हाताने स्पर्श न करता सरकारी दवाखान्याला कळवा.

राहिला गाभणपणाचा प्रश्न. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो. तुमच्याकडे आल्यापासून तिचा वळूघोड्याशी संबंध आलेला नसेल, तर ती गाभण असल्यास साधारण नोव्हेंबरपर्यंत विणार, म्हणजे आज ती शेवटच्या तीन-चार महिन्यांत असली पाहिजे. नुसत्या पोटाच्या घेरावरून निष्कर्ष काढू नका, कारण वाढ्यांवर पोसलेल्या घोडीचे पोटही सुटलेले दिसते. याच आठवड्यात डॉक्टरांकडून हात घालून किंवा सोनोग्राफीने तपासून घ्या. ती गाभण निघाली तर रपेट थांबवा, चारा वर सांगितल्याप्रमाणे लगेच सुधारायला घ्या, कारण पोटातल्या शिंगराची हाडे आता तिच्याच कॅल्शियमवर वाढत आहेत, धनुर्वाताची मात्रा विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी पडेल अशी तारीख ठरवा, आणि जंताचे औषध देण्यापूर्वी ते गाभण घोडीला चालते का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.